वर्षाची बेगमी, महिन्याची यादी, वीस रुपयांची पुडी



आज किराण्याबद्दल बोलू या. तेल, मीठ, डाळ, साखर. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? पण या तेल-मिठालाही इतिहास आहे, आणि तो नीट पाहिला तर आपला पैसा कुठं गळतो ते कळतं. मला ते एका बैठकीनंतर कळलं.

पानशेतच्या बाजूला आमचा एक बचतगट आहे. तिथं एका ताईनं पाच हजारांचं कर्ज मागितलं. कर्जाच्या कारणापुढं लिहिलं, 'मुलीची शाळा'. गटानं लगेच मंजूर केलं. पुढच्या बैठकीत कळलं की पैसे शाळेत गेलेच नाहीत, वाण्याची उधारी फेडण्यात गेले. बायका चिडल्या. "खोटं का बोललीस?" ताई मान खाली घालून म्हणाली, "किराण्यासाठी कर्ज मागायची लाज वाटली."

मी त्या ताईला ओळखते. हॉटेलचा चहासुद्धा घेत नाही. दोन्ही वेळा घरी चूल पेटते. मग उधारी एवढी चढली कशी? हा प्रश्न डोक्यात घेऊनच मी एसटीनं पुण्याला, नारायण पेठेतल्या माझ्या घरी आले. रात्री सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, तिच्याकडे पैसा रोज येतो ना? मग तिची खरेदीही रोजचीच. रोजची खरेदी महागच पडते." आणि त्यांनी मला जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. त्यातलं काही त्यांनी सांगितलेलं आणि काही मी वाचलेलं, असं मिळून आज तुम्हाला सांगते.

आमची नारायण पेठ मुठा नदीच्या काठची. नारायणराव पेशव्यांच्या नावावरून तिचं नाव पडलं. लोकमान्य टिळकांचा केसरीवाडा याच पेठेत आहे. आज इथं इमारती झाल्या, पण सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा सगळे वाडे होते. एका वाड्यात दहा-बारा बिऱ्हाडं, प्रत्येकाच्या दोन खोल्या. त्या दोन खोल्यांतही एक कोपरा कोठीचा असायचा, म्हणजे धान्याचा.

तेव्हाचा शब्द होता 'बेगमी'. सुगीनंतर धान्य स्वस्त असतं, म्हणून तेव्हाच वर्षाचं घेऊन ठेवायचं. गहू, ज्वारी, तांदूळ, तूरडाळ. उन्हाळ्यात ऊन द्यायचं, चाळायचं, निवडायचं. धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला, डाळीला एरंडेलाचा हात. त्याच दिवसांत गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे. पावसाळ्यात भाजी महागली की सांडग्यांची आमटी व्हायची. लोणचं बरणीत, मेतकूट डब्यात, भाजणी तयार. चार महिने पावसाचे कसे काढायचे याचा हिशेब चैत्र-वैशाखातच झालेला असे.

आणि मोजमाप! दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आपल्यातल्या वयस्कर मावश्यांना हे अजून तोंडपाठ असेल. हे माप फक्त बाजारातलं नव्हतं. कोठीतून धान्य काढताना बाई मापानंच काढायची. रोज किती लागतं हे तिला ठाऊक, म्हणून वर्षाला किती लागेल हेही ठाऊक. शाळेत न गेलेली बाई अख्ख्या वर्षाचं अंदाजपत्रक डोक्यात ठेवत होती.

पण बेगमीलाही धोका असतो. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही. मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं. आमची नारायण पेठही त्यात बुडाली. महिना बघा, जुलै. म्हणजे उन्हाळ्यात वर्षाचं भरून ठेवलेल्या घरांची कोठी नुकतीच गच्च झालेली. सासूबाई तेव्हा लहान होत्या, पण ज्यांचं घर गेलं त्यांच्याकडून पुढं त्यांनी खूप ऐकलं. भांडी चिखलातून काढून घासता आली, भिजलेलं धान्य मात्र फेकावंच लागलं. वर्षाचा घास एका दिवसात गेला.

ज्या पानशेतच्या बाजूला माझा गट आहे, तेच हे पानशेत. त्या गावांतली कितीतरी घरंही धरणापायी उठली. म्हणजे या एका धरणानं वरच्या गावातल्या बाईची चूल हलवली आणि खालच्या पेठेतल्या बाईचीही.

पुढं पेठेतली राहणी बदलत गेली. शाळामास्तर, कारकून, छापखान्यात काम करणारे, सगळे पगारदार. पगार महिन्याला, मग किराणाही महिन्याचा. बेगमीच्या जागी 'यादी' आली. पगाराच्या आदल्या दिवशी डबे उघडून बघायचे, काय उरलंय ते पाहायचं आणि मगच लिहायचं. सासूबाईंच्या अशा याद्यांच्या वह्या आमच्या माळ्यावर अजून आहेत. एका पानावर 'शेंगदाणे 2 किलो' लिहून त्यावर काट मारली आहे आणि खाली 'दीड पुरे' असं लिहिलंय. त्या महिन्यात दिरांची शाळेची फी होती.

यादी म्हणजे खर्चाचा क्रम. पुण्यात याचं एक मोठं उदाहरण आहे. आपली महात्मा फुले मंडई 1886 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. तिच्या बांधकामाचा विषय पुणे नगरपालिकेत आला, तेव्हा जोतीराव फुले सभासद होते आणि त्यांनी त्या खर्चाला विरोध केला. तो पैसा आधी शिक्षणावर खर्चावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढं त्याच मंडईला त्यांचं नाव दिलं गेलं, ही गोष्ट वेगळी. पण आधी काय आणि मग काय, हा प्रश्न नगरपालिकेलाही असतो आणि आपल्या चुलीलाही असतो.

यादी पाळायची तर स्वयंपाकही मापात हवा. 1970 साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' हे पुस्तक आलं. त्यात मापं दिली होती वाटी आणि चमच्याची, म्हणजे कोणत्याही घरात असतील अशी. नव्या सुनेला अंदाज नसतो, ती जास्त करते आणि मग वाया जातं. वाटीनं मोजलं की वाया कमी जातं. उरलंच तर आपल्याकडे युक्त्या आहेतच. रात्रीच्या पोळीचा सकाळी कुस्करा, भाताला फोडणी, दोडक्याच्या शिरांची चटणी. याला कुणी दारिद्र्य म्हणू नये. ही अक्कल आहे.

पण मैत्रिणींनो, एकटीच्या अकलेला मर्यादा असते. 1972 चा दुष्काळ आठवा, किंवा आईला, आजीला विचारा. गावोगाव बाया खडी फोडायला गेल्या. मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. शहरात तेल, साखर, रॉकेल मिळेना, मिळालं तर परवडेना. यादी कितीही नेटकी करा, भाव दुप्पट झाला तर ती यादी काय करणार? तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या. महागाईविरुद्ध समिती केली आणि हजारो गृहिणी लाटणं घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या. लाटणं मोर्चा तो हाच. घरातल्या हिशेबाची गोष्ट पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं बाहेर बोलली गेली.

त्याच सुमाराला पुण्यात आणखी एक काम सुरू झालं. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली ग्राहक पंचायत सुरू केली. 1975 च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. 'बाबूजी' म्हणजे गायक-संगीतकार सुधीर फडके हेही या कामात होते. या मुंबईच्या संस्थेची पद्धत मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्यांनी दुकान काढलं नाही. शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा. प्रत्येकीनं महिन्याची आपली मागणी आधी लिहून द्यायची आणि पैसेही आधीच भरायचे. सगळ्या संघांची मागणी एकत्र करून माल घाऊक घ्यायचा. मग तो संघापर्यंत पोचवायचा आणि बायकांनी आपापसात वाटून घ्यायचा. मागणी आधी कळल्यामुळे माल पडून राहत नाही, आणि उधारी नसल्यामुळे पैसा अडकत नाही. हे काम मुख्यतः गृहिणींनीच चालवलं, आणि ते आजही चालू आहे. पुढं 24 डिसेंबर 1986 ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. तो दिवस आपण आता राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्या कायद्यामागे अशा चळवळींचा मोठा रेटा होता.

आता पुन्हा आमच्या ताईकडे येऊ. तिच्याकडे बेगमी नाही, कारण शेत थोडं आणि सुगीला हातात रक्कम नाही. यादी नाही, कारण पगार नाही. मजुरी रोज मिळते, कधी मिळत नाही. म्हणून ती रोज संध्याकाळी पुडी आणते. समजा, एक किलो तेलाची पिशवी 150 रुपयांना आहे आणि 100 ग्रॅमचं सुटं तेल 20 रुपयांना. दहा वेळा 20 रुपये दिले की किलोला 200 पडले. म्हणजे 50 रुपये जास्त. महिन्याला तीन किलो तेल लागत असेल तर 150 रुपये जास्त, वर्षाला 1,800. आणि गटात तिची बचत किती? महिन्याला 100, म्हणजे वर्षाला 1,200. बचत एका दारानं आत येते आणि त्याहून जास्त रक्कम पुडीच्या दारानं बाहेर जाते. हे फक्त तेलाचं झालं. डाळ, साखर, चहापूड अजून मोजलीच नाही.

म्हणजे ताई उधळी नव्हती. तिच्याकडे एकदम द्यायला पैसा नव्हता, एवढंच. गरिबाला तीच वस्तू महाग पडते, हे या हिशेबातून मला पहिल्यांदा नीट दिसलं. मी बीए झाले, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग आम्ही गटात ठरवलं, सगळ्यांची मिळून खरेदी करायची. पहिल्या वेळी फजिती झाली, तीही सांगते. उत्साहात 50 किलो तूरडाळ आणली. कुणाला किती हवी ते आधी लिहून घेतलंच नव्हतं. पावसाचे दिवस, राहिलेल्या डाळीत किडे झाले. तिघींचे पैसे वेळेवर आले नाहीत. चूक माझी होती. सासूबाईंची वही घरात असून मी यादी केली नव्हती.

दुसऱ्या वेळी नियम केले. आधी यादी, मग पैसे, मग खरेदी. सुरुवातीला दोनच वस्तू, तेल आणि डाळ. पावसाळ्यात महिन्याच्या वर साठा नाही. वजनकाटा बैठकीत सगळ्यांसमोर. जिच्याकडे आधी भरायला पैसे नाहीत तिला गटातून कर्ज. हजार रुपयांवर शेकडा दोन व्याज धरलं तर महिन्याचे 20 रुपये होतात, आणि ते 20 रुपयेही गटातच राहतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आपला गावातला वाणी आपला शत्रू नाही. रात्री-अपरात्री पोर आजारी पडलं तर साबुदाणा तोच देतो, तेही वहीत लिहून. त्याच्याशी भांडून काही मिळवायचं नाही. उधारी अडचणीपुरती राहावी, रोजची सवय होऊ नये, एवढंच.

तर मैत्रिणींनो, एक काम करा. येत्या सात दिवसांत घरात काय-काय आलं, किती आलं, किती रुपयांना, ते लिहा. लिहिता येत नसेल तर मुलांकडून लिहून घ्या. पुढच्या बैठकीत सगळ्यांचे कागद शेजारी ठेवा. पुडीनं घेतलेली कोणती वस्तू सगळ्यांच्या कागदावर आहे, ते बघा. पहिली खरेदी तिचीच करा.

आमच्या त्या ताईनं गेल्या महिन्यात पुन्हा कर्ज घेतलं, 800 रुपयांचं. कारणाच्या रकान्यापुढं तिनं स्वतःच्या हातानं, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'किराणा'. कुणी काही बोललं नाही. सचिव ताईंनी खाली सही केली आणि पुढचं नाव पुकारलं.