महामार्ग, कारखाना आणि भरपाईचा दावा : कागल परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहत पुणे–बंगळूर महामार्गाच्या जवळ वसली आहे. कसबा सांगाव, तळंदगे, हुपरी या गावांतून, तसेच दूधगंगेपलीकडील निपाणी भागातून कामगार पाळीची वेळ गाठण्यासाठी दुचाकीवरून येथे येतात. यांपैकी एखादा मोटारीच्या धडकेने जायबंदी झाला, तर दावा कोणत्या कायद्याखाली, कोणत्या न्यायालयात आणि कोणाच्या खर्चाने करावयाचा, हे प्रश्न त्याच्यापुढे उभे राहतात. कायद्याने भरपाईचा हक्क बराच आधी मान्य केला. तो बजावण्यासाठी जखमी माणसाने कापावयाचे अंतर मात्र फार सावकाश कमी झाले, असे या इतिहासावरून दिसून येते.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीच्या त्रयस्थ पक्ष विम्याची तरतूद १ जुलै १९४६ पासून अमलात आली. विमा आला, तरी भरपाईसाठी दिवाणी दावा करणे आणि त्याची कोर्ट फी भरणे चुकले नाही. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची व्यवस्था निर्माण केली. तथापि, अपघात जेथे घडला त्या क्षेत्रातील न्यायाधिकरणाकडेच अर्ज करण्याचे बंधन त्यात होते. त्याच वर्षी राज्यपुनर्रचनेने निपाणी, चिकोडी हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. परिणामी कागलचा रहिवासी नदी ओलांडून थोडे पुढे गेल्यावर जखमी झाला, तर त्याला परराज्यातील न्यायालय गाठावे लागे. १९९४ च्या दुरुस्तीने अर्जदाराला स्वतःच्या निवासाच्या ठिकाणी दावा करण्याची मुभा दिली. सीमाभागाच्या दृष्टीने ही दुरुस्ती भरपाईच्या कोणत्याही वाढीव रकमेपेक्षा महत्त्वाची मानावी लागेल.

चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध केल्याशिवाय भरपाई नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मिनू मेहता खटल्यात म्हटले होते. १९८२ मध्ये संसदेने दोषनिरपेक्ष दायित्वाचे तत्त्व आणले. कायम अपंगत्वासाठी त्या वेळी ७,५०० रुपये ठरले. १९८८ च्या कायद्यात १२,००० आणि १९९४ मध्ये २५,००० रुपये झाले. १ एप्रिल २०२२ पासून जबर दुखापतीसाठी ही रक्कम अडीच लाख रुपये आहे. मात्र ती स्वीकारल्यास निष्काळजीपणावर आधारलेला मोठा दावा संपुष्टात येतो. ज्याचा हात कायमचा निकामी झाला आहे त्याने सही करण्यापूर्वी सल्ला घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालानुसार शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाईच्या हानीची टक्केवारी नव्हे. फाउंड्रीत साचे भरणाऱ्याने हात गमावणे आणि कार्यालयातील लेखनिकाने गमावणे, यांचे मोल एक नाही. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आकड्यावरच तडजोड करणाऱ्या कामगाराचे नुकसान येथे होते.

कामगाराच्या बाबतीत दुसराही एक कायदा होता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कामामुळे व कामाच्या ओघात झालेल्या इजेची जबाबदारी मालकावर टाकली होती. पण घरापासून कारखान्याच्या फाटकापर्यंतचा रस्ता हा कामाचा भाग मानायचा की नाही? उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून जात असताना कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. आयुक्तांनी दिलेली भरपाई उच्च न्यायालयाने रद्द केली. अपघाताचा काळ, स्थळ व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध प्रस्थापित होत असेल तर येण्याजाण्यातील अपघातही कायद्याच्या कक्षेत येतो, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने ती जुलै २०२५ मध्ये पुनःस्थापित केली. कुटुंबाला बावीस वर्षे थांबावे लागले! २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे तत्त्व आता स्पष्ट शब्दांत आहे. एकाच इजेसाठी दोन्ही कायद्यांखाली भरपाई मात्र मागता येत नाही. निवड एकदाच करावयाची असते.

न्यायाधिकरणाच्या निर्णयावरील अपिलासाठी कोल्हापूरकरांना मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ रोजी उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात सुरू झाल्याने ते अंतर संपले. मुदतीच्या बाबतीत मात्र गाडी उलट दिशेने गेली. १९९४ मध्ये काढून टाकलेली सहा महिन्यांची मर्यादा २०२२ पासून पुन्हा आली. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाचे सहा महिने रुग्णालयातच सरतात, याचा विचार त्यामागे दिसत नाही. केवळ मुदतीच्या कारणाने दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला.

उरला खर्चाचा प्रश्न. भरपाईतील वाटा फी म्हणून ठरवून घेण्यास भारतीय वकिलांना मनाई आहे. अमेरिकेत अशा दाव्यांत तीच रूढ पद्धत आहे. त्यामुळे येथील गरीब जखमीला सार्वजनिक साहाय्याचाच आधार राहतो. राज्यघटनेत १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ३९-अ नुसार विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत विधी साहाय्यास पात्र असणाऱ्यांत औद्योगिक कामगाराचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि त्याला उत्पन्नाची मर्यादा लागू नाही. वसाहतीतील कामगाराला त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अथवा कोल्हापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.