नाव ठेवणे आणि नावे ठेवणे



आपल्या मंडळाच्या या स्मरणिकेसाठी सभासदांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ते अर्ध्या दिवसाचे वाटले होते. वही घेऊन निरगुडसरात घरोघर जावयाचे, नाव विचारावयाचे आणि लिहून घ्यावयाचे. पण पहिल्याच घरी एका वयस्क बाईंनी मला उलट विचारले, “कोणते लिहितेस? माहेरचे की सासरचे?” तेथून हे काम पंधरा दिवस लांबले, आणि यादीबरोबर हा लेखही माझ्या गळ्यात पडला. बारशाला नाव ठेवणे हा आत्याबाईंचा मान, आणि पुढे जन्मभर नावे ठेवणे हाही बहुधा त्यांचाच. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार बायकांचाच, असे मी धरून चालते.

जुन्यापासून सुरुवात करू. आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात नाणेघाटात जे लेणे आहे, त्यात सातवाहन राजकुळातील माणसांच्या मूर्ती होत्या. दोन हजार वर्षांत मूर्ती नाहीशा झाल्या, पण त्यांच्या वर कोरलेली नावे राहिली. त्यांत एक नाव राणी नागनिकेचे आहे. त्याच घराण्यातील राजे पुढे स्वतःच्या नावाआधी आईकडचे नाव लावू लागले. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही नावे आपण शाळेत पाठ केलीच आहेत. यावरून तेव्हा बायकांचे राज्य होते असे कोणी समजू नये. गादी बापाकडूनच मुलाकडे जात होती. पण आईच्या नावाने ओळखले जाण्यात राजाला कमीपणा वाटत नव्हता, एवढे खरे.

पुढे नाव हे नवसाचे झाले. मालोजीराजांनी नगरच्या शहा शरीफ पिराला नवस केला म्हणून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी. शिवनेरीवरच्या शिवाईमुळे शिवाजी. अशी परंपरा सांगते. नातवाला आजोबांचे नाव देण्याची रीतही जुनीच. संभाजी महाराजांच्या मुलाचे नाव शिवाजीच होते, तोच पुढे शाहू म्हणून प्रसिद्ध झाला. या रीतीत सुनेची मात्र मोठी पंचाईत. सासऱ्याचे नाव तोंडाने घ्यावयाचे नाही, आणि पोटच्या पोराचे नाव तेच! म्हणून घरोघर बाळा, आप्पा, नाना, भाऊ झाले. कित्येकांचे खरे नाव शाळेच्या दाखल्यावरच भेटे.

आमच्या घरची वडील माणसे आठवली की वारीच्या दिंडीत उभे असल्यासारखे वाटते. पांडुरंग, निवृत्ती, सोपान, मुक्ता. आणि त्यांच्या जोडीला धोंडू, दगडू, केरू, भिकू. लहानपणी मला या नावांचे हसू येई. एकदा तशीच हसले, तेव्हा आजीने मला जवळ बसवून सांगितले, “अगं, आधीची पोरे राहिली नाहीत म्हणून ते नाव.” ज्याला दगड म्हटले, केर म्हटले, त्याच्याकडे मृत्यूचे लक्ष जाणार नाही, ही त्या आईची युक्ती. काही ठिकाणी तर मूल उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलून आणीत. पुढे लस आली, दवाखाने आले. १९७७ मध्ये आपला देश देवीच्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. मुले जगू लागली, तसे दगडू, धोंडू हळूहळू पाळण्यातून गेले.

पण याच सुमाराची दुसरी एक नावे गेली नाहीत, त्यांविषयी मला थोडे अधिक बोलावयाचे आहे. नकुसा, नकोशी. वरवर पाहता हीदेखील दगडूचीच बहीण वाटते. पण तसे नाही. दगडूची आई मूल जाईल म्हणून भीत होती. नकुसाच्या घरचे पुन्हा मुलगी होईल म्हणून भीत होते. त्यामुळे लस आल्याने हे नाव थांबले नाही. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात समारंभ करून दोनशेंहून अधिक नकुसांना नवी नावे देण्यात आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८९४. दहा वर्षांपूर्वी ९१३ होत्या. म्हणजे नाव ठेवण्याचीही वेळ येऊ न देणारे लोक वाढले होते. आपल्या यादीतील एका भगिनीचे जन्मनाव हेच आहे. तिने मला ते दार लोटून घेऊन सांगितले आणि म्हणाली, “ते छापू नकोस.” छापले नाही.

सासरच्या नावाची कथा तर आपल्या सर्वांची. ताटात तांदूळ पसरावयाचे, नवऱ्याने अंगठीने त्यावर नाव रेखावयाचे, पेढे वाटावयाचे, की जुनी मुलगी संपली. थोरामोठ्यांच्या घरीही हेच. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, आणि रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. महर्षी कर्वे यांच्या आनंदीबाई आधी गोदूबाई होत्या. माझे नाव माझ्या आईने ठेवले होते; तांदळावर दुसरेच निघाले. नवे नाव चांगले आहे, माझी तक्रार नाही. परंतु जुन्या नावाने हाक मारणारे आई हे शेवटचे माणूस होते, हे ती गेल्यावर लक्षात आले.

नव्या तऱ्हांविषयी फार लिहीत नाही. आपल्याकडची माणसे मुंबईला हमालीला, डबे पोचवायला गेली, आणि येताना सुट्टीत उषा, आशा, सुभाष, रवींद्र घेऊन आली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांत सिद्धार्थ, राहुल, सुजाता आल्या. लादलेले नाव टाकून आपले नाव आपण निवडणे म्हणजे काय, हे त्या घरांना विचारावे. आता पंचांगातील अक्षर मोबाईलवर घालून नाव काढतात. अंगणवाडीत आरव, स्वरा, शिवांश भेटतात. अर्थ विचारला तर आई फोन काढते. असो, नाव ठेवताना मी नावे ठेवणार नाही!

एक बदल मात्र मला फार आवडला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, आणि शेवटी आडनाव, असा नियम आपल्या राज्याने केला. माझ्या नातीच्या दाखल्यावर तसे आले. सुनेने तो दोनदा वाचला. आमच्या सुनेचे नाव लग्नात बदललेले नाही; तांदळावर मुलाने तिचे तिलाच लिहून दिले. तेव्हा मी थोडी कुरकुर केली होती, हे येथे कबूल करते.

या स्मरणिकेच्या शेवटी यादी आहे. प्रत्येक सभासदाच्या नावाखाली तिचे माहेरचे नावही, तिची संमती घेऊन, छापले आहे. काही ठिकाणी जागा मोकळी दिसेल. तेथे छपाईची चूक नाही. कोणी सांगितले नाही. आणि एका आजींनी बराच वेळ विचार करून, “आता आठवत नाही गं,” असे म्हटले.