एका शहराची दोन पत्रके

मोठे चित्र एका कागदावर मावेनासे झाले, की त्याचे तुकडे करावे लागतात, आणि तुकडे केले, की त्यांना क्रमांक देणे ओघानेच येते. तो क्रमांक कशावरून द्यावा, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. बंगळूरच्या नकाशाचेच उदाहरण पाहा.

१८०० साली विल्यम लॅम्बटन याने बंगळूरजवळ सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजली. दक्षिणेतील त्रिकोणमितीय मोजणीच्या या आरंभातूनच पुढे साऱ्या देशातील स्थळांचे अक्षांश-रेखांश निश्चित होत गेले. त्यामुळे नकाशाच्या तुकड्याला, तो कितवा छापला यावरून नव्हे, तर तो पृथ्वीवर कोठला यावरून क्रमांक देता येऊ लागला.

विसाव्या शतकात भारतीय सर्वेक्षण विभागाने अशीच पद्धत रूढ केली. चार अंशांच्या प्रत्येक चौकोनाला एक अंक. त्यातील एकेक अंशाच्या सोळा भागांना ए ते पी ही अक्षरे. आणि प्रत्येक भागातील सोळा पत्रकांना १ ते १६ हे क्रमांक. मोजणी वायव्य कोपऱ्यातून सुरू होते, वरून खाली उतरते आणि मग शेजारच्या रांगेत जाते. एका चौकोनाची अशी २५६ पत्रके होतात. पुणे शोधणाराने ४७ एफ/१४ उघडावे.

बंगळूर ५७व्या चौकोनात येते. पण तेरावा अक्षांश नेमका शहरातून जातो. त्यामुळे विधानसौध ५७ एच/९ मध्ये, तर भारतीय विज्ञान संस्था ५७ जी/१२ मध्ये! ही दोन पत्रके एकमेकांस लागून आहेत, हे अशी नावे वाचून कोणास चटकन उमगेल? म्हणूनच प्रत्येक पत्रकाच्या समासात शेजारच्या पत्रकांचा छोटा आराखडा छापलेला असतो. नुसता क्रमांक पुरेसा नाही, त्याला शेजाराची खूणही हवी, हे नकाशाकारांनी ओळखले होते.

२००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी निघालेल्या नव्या मालिकेत आंतरराष्ट्रीय पद्धतीची नावे आली. त्याच भागांची पत्रके आता डी ४३ एक्स ९ आणि डी ४३ आर १२ झाली. चौकोन बदलला, अक्षरे बदलली; ९ आणि १२ मात्र राहिले, कारण ते जागेवरून ठरलेले होते. गठ्ठ्यातील एखादे पत्रक गहाळ झाले, तरी कोणता प्रदेश हरवला हे बाकीची पत्रके अचूक सांगतात. तुकड्यांच्या क्रमांकाकडून याहून अधिक काय मागावे?