२५ सप्टेंबर १९५७ : लिटल रॉकचे सेंट्रल हायस्कूल

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील या सरकारी शाळेच्या पायऱ्या नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी त्या दिवशी लष्कराच्या बंदोबस्तात चढले. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी त्यांना अडवले होते. अखेर अध्यक्ष आयझेनहॉवर यांना १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक धाडावे लागले. ही हकिगत अनेकांना ठाऊक असते. इमारतीकडे मात्र फारसे कुणी बघत नाही.

पिवळसर विटांची, शहराचे दोन ब्लॉक व्यापणारी ही भारदस्त वास्तू १९२७ मध्ये सुमारे १५ लाख डॉलर खर्चून उभी राहिली. शैली गॉथिक आणि आर्ट डेको यांच्या मिश्रणाची. दर्शनी भागात पुढे आलेले दुतर्फा जिने आणि प्रवेशद्वारावर चार पुतळे : महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी व पूर्वतयारी. यातली ‘संधी’ तीस वर्षे फक्त गोऱ्या मुलांसाठीच उभी होती म्हणायची! कृष्णवर्णीयांसाठी १९२९ मध्ये वेगळे डनबार हायस्कूल बांधले, तेही चार लाखांत. गंमत म्हणजे सेंट्रलच्या वास्तुविशारदांपैकी विटेनबर्ग आणि डेलोनी यांनीच त्याचाही आराखडा केला.

नऊ जणांपैकी अर्नेस्ट ग्रीन १९५८ मध्ये इथून उत्तीर्ण झाला. पुढचे वर्षभर फॉबस यांनी शहरातली सरकारी हायस्कुले बंदच ठेवली.