गाडीवरची बंदूक

गेल्या दिवाळीत नातवाला टिकल्यांचे पिस्तूल आणून दिले, आणि त्याच संध्याकाळी त्याच्याशेजारी बसून ‘स्टेजकोच’ हा १९३९ सालचा अमेरिकन चित्रपट पाहण्याचा योग आला. चार-सहा घोडे जोडलेली डाकगाडी, मागे धुळीचे लोट आणि बारांचा नुसता कडकडाट. नायकाच्या हाती विंचेस्टर रायफल. खालची कडी ओढली की नवी गोळी तयार. पण गाडीवानाच्या शेजारी बसलेल्या मार्शलजवळ मात्र एक आखूड, दुनळी बंदूक. चिरंजीवांनी लगेच हरकत घेतली, “आजोबा, तो एवढा मोठा पोलीस आणि त्याच्याकडे दोनच बारांची बंदूक?”

“जुनी असेल घरातली,” असे काहीतरी मी सांगून टाकले. ते साफ चुकीचे होते. ती बंदूक हौसेने नव्हे, पुरत्या विचाराने निवडलेली होती, आणि त्या निवडीचा इतिहास शोधता शोधता माझा सारा पावसाळा गेला.

गाडीत कोणते हत्यार ठेवावे हा प्रश्न अमेरिकेच्या आधी इंग्लंडात पडला होता. तिथे टपाल नेत असत घोड्यावर बसलेली पोरे. वाटमाऱ्यांना याहून सोपे सावज कोणते? बाथ शहरी नाटकगृह चालवणाऱ्या जॉन पामर नावाच्या गृहस्थाने सरकारच्या मागे लागून २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून लंडनला पहिली टपालगाडी सोडली. ती सुमारे सोळा तासांत पोचली. गाडीच्या मागल्या अंगाला, टपालाच्या पेटीवर पाय रोवून एक रखवालदार बसे. त्याच्याजवळ एक कर्णा, एक घड्याळ, दोन पिस्तुले आणि एक ब्लंडरबस.

हे ब्लंडरबस म्हणजे कर्ण्यासारख्या पसरट तोंडाची, आखूड नळीची ठासणीची बंदूक. तोंड पसरट असल्यामुळे छर्रे दूरवर फाकतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तसे ते विशेष फाकत नाहीत. त्या तोंडाचा खरा उपयोग निराळाच. ताशी सात-आठ मैलांनी उडत चाललेल्या गाडीवर, थंडीने बोटे आखडलेली असताना, अंधारात बंदुकीत दारू आणि छर्रे भरून पाहा, म्हणजे कळेल! अरुंद नळीत निम्मा माल बाहेरच सांडायचा. रुंद तोंड हे जणू बंदुकीला बसवलेले नरसाळेच. पुष्कळांची नळी पितळेची असे, कारण उघड्यावर बसणाऱ्या माणसाचे लोखंड इंग्लंडच्या पावसात गंजल्यावाचून राहत नाही. नेम धरायचा प्रश्नच नव्हता. हलणाऱ्या बैठकीवरून एका गोळीने माणूस टिपणे कठीण. मूठभर छर्रे त्या दिशेने फेकले तर एखादा तरी लागेल, एवढाच हिशेब.

आता जवळ बंदूक असली की हात शिवशिवतात. दरोडेखोर तर रोज भेटत नाहीत! मग हे रखवालदार वाटेतली कुत्री, डुकरे, कोंबड्या यांच्यावरच बार काढू लागले, तेही भर गावातून जाताना. लोकांचा जीव टांगणीला लागला, आणि टपालाच्या रक्षणावाचून उगाच बार काढणाऱ्याला दंड करण्याची सोय पार्लमेंटला कायद्यात करावी लागली.

एकदा मात्र खरेच जनावर पुढे आले. २० ऑक्टोबर १८१६ च्या रात्री एक्सिटरची टपालगाडी सॅलिस्बरीजवळच्या विंटर्स्लो हट या खानावळीपाशी आली असता पुढच्या घोड्यावर चक्क सिंहीण तुटून पडली! फिरत्या प्राणिसंग्रहालयातून ती सुटली होती. उतारू धूम ठोकून खानावळीत शिरले. रखवालदाराने ब्लंडरबस उचलले, तोच सिंहिणीचा मालक धावत आला आणि बार काढू नका म्हणून विनवू लागला. जनावर पाचशे पौंडांचे होते ना! तिला शेवटी एका धान्याच्या कोठाराखाली कोंडून माणसांनी जिवंत बांधले. घोडाही वाचला. पुढे मालकाने तो विकत घेतला आणि त्याच्या जखमा दाखवून पैसे मिळवले. या धंदेवाईकपणाला काय म्हणावे!

पुढे आगगाडी आली आणि इंग्लंडातल्या या गाड्या बसल्या. पण कॅलिफोर्नियात १८४८ मध्ये सोने सापडले, डोंगरातल्या खाणींपासून शहरापर्यंत ते नेणे भाग पडले, आणि जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १८५२ साली वेल्स फार्गो कंपनी निघाली. जिथे ऐवज मोठा तिथे गाडीवानाच्या शेजारी रखवालदार बसे. त्याला ‘शॉटगन मेसेंजर’ म्हणत. (अमेरिकेतली पोरे आजही मोटारीत पुढच्या जागेसाठी ‘शॉटगन!’ म्हणून ओरडतात, त्याचे मूळ हे.) त्याची बंदूक दुनळी, छर्ऱ्यांची, नळ्या आखूड, म्हणजे वळताना गाडीवानाच्या डोक्याला लागायला नकोत. फिरवायला चक्र नाही, ओढायला कडी नाही, त्यामुळे ऐन वेळी अडकायचे भय थोडे. आणि त्या दोन काळ्या भोकांपुढे उभ्या राहणाऱ्याला ती कशाची आहेत, हे समजावून सांगावे लागत नसे. बार न काढताच काम व्हावे, हाच तिचा मुख्य गुण.

कारण बार निघालेच, तर काय होई? १२ ऑगस्ट १८५६ रोजी कॅम्पटनव्हिलहून मेरीसव्हिलला निघालेल्या गाडीवर टॉम बेलच्या टोळीने हल्ला केला. गाडीत सुमारे एक लाख डॉलरचे सोने होते. रखवालदार आणि काही उतारू यांनी उलट बार काढले, दोन्हीकडून गोळ्यांचा पाऊस पडला, आणि दरोडेखोर पळाले. सोने सुखरूप पोचले. गाडीत मेरीसव्हिलच्या एका न्हाव्याची बायको बसली होती. तिच्या डोक्यात गोळी लागली आणि ती गेली. लोक इतके खवळले की ऑक्टोबरात बेल सापडताच त्याला चौकशीवाचून फासावर लटकावले. पण त्या बाईचे काय? सोन्याशी तिचा संबंध एवढाच, की तिने त्याच गाडीचे तिकीट काढले होते.

याच मुलखात १८७५ ते १८८३ या आठ वर्षांत ‘ब्लॅक बार्ट’ नावाचा एक गृहस्थ डाकगाड्या लुटत होता. अठ्ठावीसच्या आसपास गाड्या त्याने लुटल्या. पायी यायचा, डोक्यावर पिठाचे पोते, आणि हातात? तीच दुनळी. त्याने एकदाही बार काढला नाही. शेवटच्या खेपेस पळताना त्याचा रुमाल मागे राहिला. त्यावरच्या धोब्याच्या खुणेवरून कंपनीच्या माणसांनी सान फ्रान्सिस्कोतल्या नव्वदेक धोबीखान्यांचे उंबरठे झिजवले आणि त्याला गाठले. पाहतात तो एक वयस्क, नीटनेटका, हातात काठी घेऊन फिरणारा सभ्य माणूस! त्याला सहा वर्षांची सजा झाली, १८८८ मध्ये तो सुटला, आणि मग कुठे गेला ते कोणाला कळले नाही.

त्याची ती बंदूक म्हणे भरलेलीच नसायची. नातवाला हे सांगितले, तेव्हा त्याने टिकल्या संपलेले पिस्तूल उचलले आणि स्वयंपाकघरात आजीकडे चकल्या मागायला गेला.