सकळ लिपी आणि आभासी खासगी जाळे : किल्ली कोणाच्या हाती असावी?

भाषेचा अभ्यास करणाऱ्यास गुप्तलेखनाचा विषय परका नाही. लिपी ही भाषा प्रकट करण्याचे साधन होय. तीच भाषा झाकण्याचे साधन झाली, म्हणजे काय घडते, हे पाहण्यासाठी आपणांस दूर जावयास नको. वऱ्हाडातील महानुभावांच्या पोथ्या हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. सांप्रत संगणकाच्या जाळ्यावरून जाणारा मजकूर झाकण्यासाठी व्ही.पी.एन. अर्थात आभासी खासगी जाळे वापरण्याचा प्रघात पडला आहे. ही सेवा एखाद्या कंपनीकडून विकत घ्यावी की आपल्या घरीच तिची व्यवस्था करावी, हा प्रश्न आमच्या विभागातील संशोधकांपुढेही आता उभा आहे. ह्या दोन गोष्टींचा एकत्र विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महानुभाव वाङ्मयाच्या संशोधनात यवतमाळचे स्थान मोठे आहे. य. खु. देशपांडे ह्यांनी येथील शारदाश्रमाच्या द्वारे जुन्या पोथ्यांचा संग्रह व अभ्यास केला आणि त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत वि. का. राजवाडे ह्यांनी सकळ लिपीची किल्ली विद्वानांपुढे ठेवली होती. तोपर्यंत ह्या पोथ्या पंथाबाहेरच्या वाचकांस जवळजवळ बंद होत्या. लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ सुमारे सहा शतके वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीआड राहिला, ह्याचे एक मुख्य कारण हे लिपीचे कुलूपच होय.

ह्या लिप्या अनेक होत्या. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक अशी त्यांची काही नावे आहेत. त्यांपैकी सकळ लिपी सर्वांत अधिक प्रचारात होती व तिचे जनकत्व परंपरा ‘सह्याद्रिवर्णन’कार रवळो व्यासांकडे देते. तिची रचना मुळात सोपी आहे: एका वर्णाच्या जागी ठरलेला दुसरा वर्ण लिहावयाचा. कोणता वर्ण कोणाच्या जागी येतो, हे गुरूकडून शिष्यास कळे. पंथाचे मठ पुढे पंजाब व काबूलपर्यंत पसरले, तेव्हा तेथील लेखकांनीही ह्याच लिपीत मराठी पोथ्या उतरल्या. परमुलखातील वाटेने जाणारी पोथी कोणाच्याही हाती पडली, तरी तिचा अर्थ मात्र दोन टोकांच्या मठांपुरताच राही. आभासी खासगी जाळ्याची कल्पना नेमकी हीच आहे: वाट सार्वजनिक, मजकूर खासगी.

तथापि भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता सकळ लिपीत दोन उणिवा होत्या. पहिली अशी की, वर्ण बदलले तरी भाषा बदलत नाही. मराठीतील विभक्तिप्रत्यय, वारंवार येणारी सर्वनामे, संवादात पुन्हा पुन्हा येणारे ‘म्हणीतलें’सारखे क्रियापद, ह्यांची वारंवारता मुखवट्याखालूनही तशीच दिसत राहते. अशा लेखनाचा उलगडा वर्णांच्या वारंवारतेवरून करता येतो, हे अरब पंडित अल्-किंदी ह्याने नवव्या शतकातच दाखविले होते. दुसरी उणीव अधिक महत्त्वाची. सर्व पोथ्यांस एकच किल्ली असल्यामुळे ती एकदा उघड होताच सगळे भांडार एकदम उघडे पडले. १८८३ साली केर्कहॉफ ह्याने सैनिकी गुप्तलेखनाविषयी जे तत्त्व मांडले, त्याचा आशय असा की, पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी चालावे. गुप्तता केवळ किल्लीवर अवलंबून असावी, आणि किल्ली सहज बदलता यावी. सकळ लिपीत पद्धती आणि किल्ली ह्यांत भेदच नव्हता.

आता आधुनिक जाळ्याकडे वळू. आरंभी दूरच्या कचेऱ्या जोडण्यासाठी मोठ्या संस्था तारयंत्रणेच्या स्वतंत्र वाहिन्या भाड्याने घेत. त्या महाग असत. १९९५ साली आयपीसेकची पहिली मानके प्रसिद्ध झाली आणि सार्वजनिक जाळ्यावरूनच खासगी वाहतूक करण्याचा मार्ग खुला झाला. पुढच्याच वर्षाच्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने पीपीटीपी ही पद्धती आली. तिच्या मायक्रोसॉफ्टकृत रूपातील दोष १९९८ साली श्नायर व मज ह्यांनी दाखविले. २००१ साली ओपनव्हीपीएन आले. मार्च २०२० मध्ये वायरगार्ड हे लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले. सुमारे ४,००० ओळींची ही आज्ञावली कोणासही वाचून तपासता येते. पद्धती उघडी, किल्ली मात्र प्रत्येकाची वेगळी, असे केर्कहॉफचे तत्त्व येथे पूर्णपणे पाळलेले दिसते.

येथे एक शंका उद्भवते. कुलूप इतके उत्तम असेल, तर निवडीचा प्रश्न उरतोच कोठे? उत्तर असे की, मजकूर बोगद्याच्या दुसऱ्या टोकास उघडतो, आणि ते टोक ज्याच्या ताब्यात असते त्यास आपण कोठे जातो हे दिसते. सेवा विकत घेतली, म्हणजे हे ज्ञान स्थानिक जाळेवाल्याकडून काढून त्या कंपनीकडे सोपविले, इतकेच. अविश्वास नाहीसा होत नाही. त्याचे स्थलांतर होते. बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर आज मुळातच कूटबद्ध होऊन जातो, त्यामुळे मध्यस्थास पत्र वाचता येत नाही. परंतु पाकिटावरचे नाव बहुधा दिसते.

भारतात ह्या प्रश्नास २०२२ साली कायद्याची बाजू आली. संगणकीय सुरक्षेसाठी नेमलेल्या सर्ट-इन ह्या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यांप्रमाणे अशी सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क, त्यास दिलेले जाळ्यावरील पत्ते व सेवा घेण्याचा हेतू ही माहिती नोंदवून, सेवा संपल्यावरही निदान ५ वर्षे जपावी, असे ठरले. ही कलमे २५ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. संस्थांनी आपल्या अंतर्गत कामासाठी चालविलेल्या जाळ्यांस त्यांतून वगळल्याचा खुलासा यंत्रणेने केला. सेवेच्या वापरावर बंदी आली नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन ह्या कंपन्यांनी भारतातील आपली यंत्रे काढून घेतली; त्यांपैकी पहिलीने भारतीय पत्ता सिंगापूर व ब्रिटन येथील यंत्रांवरून देण्याची व्यवस्था केली. म्हणजे सेवा निवडताना तिचा दर वा वेग ह्यांपेक्षा ती कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे, नोंदी ठेवते की नाही, आणि तिचा दावा त्रयस्थाने तपासला आहे काय, हे आधी पाहणे प्राप्त आहे.

घरी जाळे चालविण्याचा पर्याय वेगळ्या प्रकारचा आहे. एक लहानसा संगणक, वायरगार्ड, आणि आपल्याच हाताने केलेल्या किल्ल्या एवढे साहित्य त्यास पुरते. मात्र त्याच्या मर्यादा स्पष्ट समजून घेतल्या पाहिजेत. घरच्या यंत्रातून बाहेर पडणारी वाहतूक आपल्याच नावावरील जोडणीतून जाते. सबब आपली ओळख त्याने लपत नाही. तो जपतो फक्त बाहेरच्या मुक्कामापासून घरापर्यंतची वाट. शिवाय अनेक जाळेवाले एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटून देतात. तशा स्थितीत बाहेरून घरचे दार सापडत नाही; स्थिर पत्ता मागून घ्यावा लागतो किंवा आयपीव्ही६चा आधार घ्यावा लागतो. वीज गेली की जाळेही गेले, हे यवतमाळच्या उन्हाळ्यात राहणाऱ्यास सांगावयास नको. यंत्रातील आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत ठेवण्याचा भारही आपणावरच येतो.

आमच्या पुढचा प्रश्न नुसत्या सोयीचा नव्हता. केळापूर व झरी-जामणी भागांत कोलामी बोलणाऱ्या वृद्धांच्या बोलीचे ध्वनिमुद्रण आम्ही करतो. त्यात शब्दांबरोबर माणसेही येतात: कोणाचे कर्ज, कोणाच्या घरचे भांडण, कोणाचा आजार. एकदा मुक्कामाच्या खोलीतील उघड्या जाळ्यावरून ही मुद्रणे घरी धाडण्याची आमची सिद्धता झाली असता, दिवसभर आम्हांस गोष्टी सांगणाऱ्या आजीने विचारले, “हे बोलणं आता कोणाकोणाच्या घरी जाईल?” आम्हांस निश्चित उत्तर देता आले नाही, आणि त्या रात्री आम्ही काहीच धाडले नाही. पुढे घरीच वायरगार्डची व्यवस्था केली ती ह्या प्रश्नामुळे. आजीस आता उत्तर देता येते: माझ्या घरी, आणि वाटेत कोणाच्या नाही.

ह्यावरून असा निष्कर्ष निघतो की, “कोणते जाळे चांगले” हा प्रश्न अपुरा आहे. “काय, कोणापासून, कोणत्या वाटेवर झाकावयाचे” हे प्रथम ठरले पाहिजे. स्थानिक जाळेवाल्यास आपले वाचन कळू नये असा हेतू असेल, तर घरचे जाळे निरुपयोगी आहे. तेथे पारखून घेतलेली सेवाच हवी. आपल्याच सामग्रीपर्यंत सुरक्षित पोहोचावयाचे असेल, तर परक्यास मधे घेण्याचे प्रयोजन नाही.

अखेरीस महानुभावांकडून घ्यावयाचा एक धडा उरतो. आक्रमणाच्या काळात लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली आणि हिराइसेच्या पाठांतरावरून ते पुन्हा सिद्ध झाले, असे परंपरा सांगते. कुलपाने ग्रंथ परक्यापासून वाचतो. नाशापासून वाचत नाही. किल्ली आपल्या हाती ठेवणाऱ्याने तिची दुसरी प्रत विश्वासाच्या जागी ठेवावी, आणि आपल्या पश्चात ती कोणाकडे जावी हेही लिहून ठेवावे. तसे न केल्यास, आम्ही जपलेली कोलामी पुढच्या अभ्यासकास सकळ लिपीतील पोथीसारखी बंदच सापडेल, आणि ती उघडण्यास त्या वेळी कोणी राजवाडे येतीलच असे नाही. कारण आजची कुलपे वर्णांच्या वारंवारतेने उघडत नाहीत.