एक नरसिंह, पंचावन्न खुणा

अर्धा माणूस, अर्धा सिंह. ही आकृती तळहाताएवढ्या गोल पानावर काढायची, तीही खेळणाऱ्याला झटकन ओळखू येईल अशी. कशी काढाल? टेबलावर भूमिका घेऊन खेळायच्या खेळांसाठी राक्षस रचणारे आज याच पेचात असतात. 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, 1977 साली त्याचं ‘मॉन्स्टर मॅन्युअल’. त्यात प्रत्येक प्राण्याची ताकद मोजक्या आकड्यांत बसवलेली आहे. नरसिंह राक्षस नव्हे, अवतार. पण चिताऱ्याची अडचण तीच. आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी ती फार आधी सोडवली होती, गंजिफ्यात.

आधी थोडा इतिहास. बाबराने 1527 साली सिंधला शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मुघल संचात 8 रंग, 96 पानं. मुकुट, तलवार, नाणी अशा खुणा. काढायला सोप्या. दशावतारी संचात 10 रंग, 120 पानं झाली आणि मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह पटावर आले.

आता गणित करू. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. 1 ते 10 ची बेरीज 55. म्हणजे एका रंगाची खूण 55 वेळा काढायची. दहा रंगांच्या 550. आयाळ-नखांसकट नरसिंह 55 वेळा कोण काढणार? आणि काढला तरी हातात पसरलेल्या पानांत तो ओळखणार कोण?

म्हणून तपशिलाच्या पायऱ्या पडल्या. राजाच्या पानावर अवतार पूर्ण. प्रधानाच्या पानावर सहसा घोडेस्वार. बाकी दहा पानांवर फक्त खूण : मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू. बंगालमधल्या विष्णुपूरच्या संचात तर नरसिंहाला नुसतं चक्र. सिंह गेला, माणूसही गेला!

पण गुंतागुंत संपली का? नाही, ती चित्रातून नियमांत गेली. पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा डाव असेल तर सुरुवात रामाकडून, रात्री असेल तर कृष्णाकडून. चित्र सोपं असल्यामुळेच खेळणाऱ्याचं डोकं या हिशेबासाठी मोकळं राहतं.

तुम्ही संशोधनाला बसाल तेव्हा इथे घसरायला होतं. नुसतं चक्र किंवा मासा काढलेलं एकच पान समोर आलं की ‘कला ढासळली’ असं लिहून मोकळे होऊ नका. त्याच संचातलं राजाचं पान शोधा. मग विचारा : हे पान कुणाच्या हातात असायचं, किती वेळात ओळखावं लागायचं, आणि चित्रातून काढलेली माहिती कुठे ठेवली? तिसरं उत्तर मिळाल्याशिवाय ‘सुलभीकरण’ हा शब्द वापरू नका.

रत्नागिरीत बसून शोधणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला वेगळा झाला. त्याआधी सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यात होती, आणि त्याहून आधी संस्थान. 1880 च्या मुंबई गॅझेटियरचा दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडी असा एकत्रच आहे. तेव्हा ग्रंथालयाच्या सूचीत फक्त ‘सिंधुदुर्ग’ शोधलंत तर निम्मा ऐवज हाती लागणार नाही. तिन्ही नावांनी शोधा.